पेटीतली चिठ्ठी

"लागतंय," बाळाबाई म्हणाली.

"कुठे?" मधुकर साहेबांनी मनगटावरच्या घड्याळावरची नजर न काढता विचारले.

"आंगठ्याच्या बेचक्यान. धा मिन्टं पन नाय जाली, झोंबाया लागला."

तिने टबातून हात बाहेर काढला. कोपरापर्यंत येणारा काळा रबरी हातमोजा मिठाच्या पाण्याने चमकत होता. तिने तो सोलल्यासारखा उलटा केला आणि तळहात साहेबांपुढे धरला. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये जुनी भेग होती. तेवढ्याच जागी ओल होती. मोजा घालण्याआधी तिने हात फडक्याने कोरडा केला होता आणि ते साहेबांनी पाहिले होते.

"घाम असेल."

"घाम हातभर सुटतो, साहेब. एका भेगेपुरता नाय सुटत."

मागे पेट्या रचणारा हौसेराव हसला. "साहेब, आक्काचा हात म्हंजी मशीन हाय. मशीनशी वाद घालू नगा. लाईट गेली तरी चालतंय."

"तू तुझं काम कर," साहेब म्हणाले. "बाळाबाई, पुढचा घ्या."

पुढचाही लागला. संध्याकाळपर्यंत वीस मोजे झाले, त्यांतले सात गळके निघाले. गोदामाचा नियम होता की विसात एक फुटका निघाला तर सगळ्या पेट्या उघडायच्या आणि दोन निघाले तर माल परत पाठवायचा. हा नियम साहेबांनीच इंग्रजीत टाइप करून भिंतीवर लावला होता.

हे मोजे मलेशियात तयार होत. जहाजाने न्हावा-शेव्याला उतरत आणि ट्रकने तुर्भ्याच्या या गोदामात येत. इथून ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आणि तळोज्याच्या कारखान्यांत जात. ज्यांचे हात दिवसभर ॲसिडच्या टाकीवर चालतात, त्या कामगारांसाठी ते होते. परदेशात झालेला माल इथल्या माणसाच्या हातात जाण्याआधी नीट आहे की नाही हे पाहणे, एवढेच मधुकर साहेबांचे काम होते. त्यासाठी त्यांना वर्षातून एकदा विमानाने तिकडे पाठवत. ते तिकडचा कारखाना बघून, फोटो काढून, चॉकलेट घेऊन परत येत. तिकडे दाखवलेला माल नेहमी चांगलाच असे.

बाळाबाई गोदामात लागली होती झाडू मारायला आणि पेट्या बांधायला. नेरूळच्या खाडीकडच्या गावातली ती. लग्नाआधीपासून मिठागरात राबलेली. ओले मीठ हातांनी ओढून टोपल्या भरायच्या आणि डोक्यावरून बांधावर टाकायच्या, यात तिची वीस वर्षे गेली. पुढे मिठागरे शहराखाली गेली, नवरा गेला, पण हातांच्या भेगा काही गेल्या नाहीत. थंडीत त्या उघडत आणि पावसाळ्यात मिटत. पुऱ्या भरल्या मात्र कधीच नाहीत.

मोजे तपासायची गोदामातली रीत साधी होती. मोज्यात फुंकून हवा भरायची, तोंडाकडून गुंडाळत आणायचा, फुगलेली बोटे गालाजवळ धरायची. गालाला वारा लागला तर मोजा फुटका. चार वर्षांपूर्वी एकदा, या परीक्षेत पास झालेला एक मोजा घालून बाळाबाई गोदामाच्या नळावर खारवलेली मासळी धूत बसली होती. बाजारातून घेतलेली मासळी घरी नेण्याआधी धुवावी, इतकाच विचार. साहेब आले आणि त्यांनी आवाज चढवला. नवीन माल, त्याला माशाचा वास! बाळाबाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "वरडा, साहेब. पन मोजा फुटका हाय. मीठ आत शिरलंय."

साहेबांनी मोज्यात हवा भरली, गालाला लावला. काही लागले नाही. मग त्यांनी मोज्यात पाणी भरून तो पिळला, तेव्हा बोटांच्या बेचक्यातून एक थेंब आला. मूठ आवळली की रबर ताणले जाई आणि बारीक चीर उघडे. हात सैल असला की ती मिटून जाई. फुगवलेल्या मोज्याला हात नसतो, त्यामुळे फुगवून ती कळत नसे.

तेव्हापासून टब आला, मिठाची गोण आली आणि बाळाबाईला स्टूल मिळाले. पाण्यात हात घालून ती मूठ उघडझाप करत बसे. जिथे झोंबेल तिथे माल फुटका. साहेब बाहेरच्या पाहुण्यांना "आमची खास चाचणी" म्हणून हे सांगत, पण चाचणी करणारा हात कोणाचा ते सांगत नसत.

त्याच सुमाराला गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला. सुनीती बाई शिकवायला येत. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बाळाबाई पाटी घेऊन बसली. दीड वर्षात तिला पाटीवरची अक्षरे जोडून वाचता यायला लागली, दुकानांच्या पाट्या वाचता यायला लागल्या आणि सही यायला लागली. बाळाबाई हिरू घरत. वर्गात पहिली आली म्हणून तिला शाईचे पेन बक्षीस मिळाले. निळ्या शाईचे. ते ती पोलक्यात खोचून गोदामात आली.

साहेबांनी ते पाहिले. "अरे वा, बाळाबाई! सही शिकलात?"

"शिकली ना. दाखवू?"

पुढच्याच महिन्यात साहेबांनी छापील चिठ्ठ्यांची थप्पी आणली. प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाकायची. परदेशातल्या मोठ्या कंपन्या तसे करतात, गिऱ्हाइकाला बरे वाटते, असे ते म्हणाले. चिठ्ठीवर इंग्रजीत दोन ओळी होत्या आणि खाली सहीसाठी रेघ. 'हा माल मी स्वतः तपासला आहे व तो चांगला आहे,' असा त्या ओळींचा अर्थ साहेबांनीच तिला सांगितला.

"आजच सगळ्यांवर करून ठेवा," ते म्हणाले. "रोज रोज कुठे करत बसणार? माल पास झाला की टाकत जाऊ."

बाळाबाई दोन दिवस सह्या करत बसली. पाचशे चिठ्ठ्या. पेनात तीनदा शाई भरावी लागली. प्रत्येक चिठ्ठी ती वाळायला जमिनीवर मांडत होती. मिठागरात मीठ वाळायला पसरतात, तशा त्या गोदामभर पसरल्या होत्या. हौसेराव पाय उचलून उचलून चालत होता.

"आक्का, एक सांगू का? कोऱ्या कागदावर सही करू नये. आमच्या चुलत्यानं केली हुती. रान गेलं."

"कोरा कंचा? छापील हाय ना."

"छापलंय काय ते वाचलंस का?"

"तुना तरी वाचता येतंय का?"

"मला येत न्हाई, म्हनून तर मी करत न्हाई," हौसेराव म्हणाला.

ती हसली. तिच्या मनात संशय येण्यासारखे काही नव्हतेच. इतकी वर्षे तिचा अंगठा शाईच्या गादीवर दाबून घेतला जात होता, आणि तो कोणाचा हे कोणी बघतही नव्हते. आता तिचे नाव पेटीत बसून तळोज्याला जाणार होते. गावात तिने सगळ्यांना सांगितले. भावाचा मुलगा गोटीराम तळोज्याच्या कारखान्यात होता. तिथे लोखंडी पत्रे ॲसिडच्या टाकीत बुडवून साफ करत. त्याला तिने मुद्दाम सांगितले, "पेटी उघरलीस का आदी माजी चिट्टी बग." आणि खरोखर एकदा तो एक चिठ्ठी घरी घेऊन आला आणि त्याच्या बायकोने, काशीने, ती देवाच्या फळीवर ठेवली.

तर आता दोनशे सात नंबरचा माल. वीसमध्ये सात. बाळाबाईने वहीत स्वतःच्या हाताने लिहिले: २०७ नापास. शेजारी सही केली. साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "मी आज फॅक्स करतो. माल परत जाईल."

चार दिवसांनी भर दुपारी ट्रक आला. हौसेरावने दोनशे सातच्या पेट्या चढवल्या. बाळाबाई दारात उभी होती. आपल्या हाताने एवढा माल समुद्रापार परत धाडला, याचे तिला बरे वाटले. तिकडच्या लोकांना कळेल तरी, असे ती हौसेरावला म्हणाली. ट्रक कुठे चालला हे तिने विचारले नाही.

तीन आठवडे गेले. एका रविवारी सकाळी ती अंगणात मासे साफ करत होती. गोटीराम आला. उजवा हात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत पांढऱ्या पट्टीत. मागे काशी. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती.

"अरं द्येवा! काय जालं, गोट्या?"

"ॲसिड गेला आत." तो पायरीवर बसला. "तीन बोटां. डाक्टर बोलतो दोन वाकनार नाय आता."

"मोजा नव्हता घातला?"

"व्हता ना."

काशीने पिशवी उपडी केली. काळा मोजा, बेचक्यात पांढरा पडलेला. मनगटापाशी नंबर छापला होता. बाळाबाईने आकडे बोटाने वाचले. दोन. शून्य. सात.

"मोजा आदी पानी भरून पिलून बगाचास नाय? मीच शिकवला व्हता ना तुना?"

"रोज बगतो, आत्या." गोटीराम तिच्याकडे न बघता म्हणाला. "पन त्या दिवशी पेटी उघरली, त वरती तुजी चिट्टी. पोरांना बोललो, माजे आत्याने पास केलाय, पिलून बगाची गरज नाय."

काशीने चिठ्ठीही आणली होती. तिने ती दिली नाही, पायरीवर ठेवली. चिठ्ठीवर निळ्या शाईत ठळक, गोल, शिकाऊ अक्षरांत लिहिलेले होते: बाळाबाई हिरू घरत.

"तुमचीच ना?" काशीने विचारले.

बाळाबाईला हो म्हणावे लागले.

सोमवारी ती गोदामात गेली ती मोजा आणि चिठ्ठी घेऊन. साहेब तिची वाट पाहत असावेत. कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते म्हणाले, "या, बाळाबाई, बसा."

ती उभीच राहिली. "दोनशे सात परत धाडला बोलला व्हता."

"पाठवणारच होतो. पण त्यांनी परत घ्यायला नकार दिला. फॅक्स आहे माझ्याकडे. त्यांचं सर्टिफिकेट आहे की सगळा माल तपासलेला आहे. मग मी काय करू? दोन महिने गोदाम अडकवून ठेवू? इकडे कारखाने माल मागतायत. आणि हे बघा, सात फुटके म्हणजे तेरा चांगलेच होते ना?"

"कंचे तेरा?"

"म्हणजे?"

"सांगा ना, साहेब. कंचे तेरा चांगले, ते सांगा. मी निवडून देते. गोटीरामाच्या हातान कंचा आला, त्यो त कललाच."

साहेबांनी दाराकडे पाहिले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "गोटीराम तुमचा नातेवाईक आहे, मला कळलं. वाईट झालं. पण तळोज्याहून फोन आलाय. उद्या चौकशी होईल, आणि पेटीत सही तुमची आहे. माझी कुठेच नाही. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"वही काडा."

"कशाला?"

"मी नापास लिवलंय. माज्या हातानी."

साहेबांनी वही काढली आणि खुशाल तिच्यापुढे ठेवली. दोनशे सहाचे पान होते. त्यानंतर दोनशे आठ. मधे शिवणीजवळ ब्लेडने कापलेली बारीक कड उरली होती. बाळाबाईने तिच्यावरून नख फिरवले. एवढ्या मोठ्या माणसाने, विमानात बसणाऱ्या माणसाने, दुपारी कधीतरी दार लावून, तिने लिहिलेला एक शब्द ब्लेडने कापला होता. हे तिला मोज्यापेक्षाही घाण वाटले.

साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "इथे सही करा. मग तुम्हाला काही त्रास होणार नाही. स्टूलही तुमचंच राहील."

"काय लिवलंय?"

"तेच, की तुम्ही माल तपासला होता. मी सांगतो ना अर्थ."

"मागच्या टायमाला पन तुमीच सांगितला व्हता," बाळाबाई म्हणाली. "मराठीत लिवा. मी वाचीन."

"अहो, तुम्हाला किती वेळ लागेल वाचायला!"

"लागूंदे."

साहेबांनी चिडून कोरा कागद ओढला आणि भराभर लिहिले. मग तिच्यासमोर टाकला. आता ती बसली. कागद नीट सरळ केला. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवले आणि वाचायला लागली, मोठ्याने, वर्गात वाचत असे तशी. साहेबांचे अक्षर घाईचे होते. ती अडली की मागे जात होती. टेबलावरचा फोन वाजला, तो साहेबांनी उचलून ठेवून दिला. दारात हौसेराव येऊन उभा राहिला आणि त्याच्या मागे पेट्या बांधणारे दोघे.

"मा-ल क्र-मांक दोनशे सात मी स्व-तः त-पास-ला. त्यात दोष आढळ-ला नाही." ती थांबली, मग पुढे गेली. "काम-गाराच्या नि... निष्... निष्का..."

"निष्काळजीपणामुळे," साहेब म्हणाले.

"तुमी बोलू नका. मी वाचतंय." तिने पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या वेळी शब्द पुरा झाला. "निष्काळजीपणामुळे दु-खा-पत झाली." तिने बोट त्या शब्दावरच ठेवले. "ह्यो शबुद कोनासाठी लिवला?"

"कायदेशीर भाषा असते ती."

"गोटीरामासाठी लिवला. माज्या तोंडून." तिचा आवाज चढला नाही, पण दारातले तिघे एक पाऊल आत आले. "त्याची बोटां वाकनार नाय. का, त त्याने माज्या नावावर भरवसा ठेवला. आनि मी आता लिवून देऊ का त्यो निष्कालजी? तुमाला लिवताना हात कापला नाय? आँ? इतकं शिकून?"

"बाळाबाई, जरा नीट बोला. तुमच्या सहीला उद्या कोण विचारतंय? तुम्ही काय इंजिनियर आहात?"

"मग पेटीन माजी कशाला टाकली? इंजिनेराची टाकाची."

दारात हौसेराव खोकला.

बाळाबाईने पोलक्यातून पेन काढले. साहेबांना वाटले सही करते आहे, ते मागे रेलले. तिने साहेबांच्या तिन्ही ओळींवर आडवी रेघ मारली. खाली एकेक अक्षर काढत लिहिले: २०७ नापास. विसात सात फुटके. मी साहेबांना सांगितले. मग सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिली.

साहेबांनी हात पुढे केला. "तो कागद ऑफिसचा आहे."

"सही माजी हाय." तिने कागदाची घडी करून पेनाशेजारी खोचली. "उद्या चौकशीला मीच जातंय. तलोज्याला. गेटावर सगल्यांना वाचून पन दाखवतंय."

"मग परत इथे यायचं नाही."

"नाय येत," ती म्हणाली. "माज्या चिट्ट्या द्या. उरलेल्या."

"चिठ्ठ्या कंपनीच्या आहेत. कंपनीने छापल्या."

यावर ती काही बोलण्याआधी हौसेराव वळला. पॅकिंगच्या टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला. तो रबर लावलेली जाड थप्पी घेऊन परत आला आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर त्याने ती बाळाबाईच्या हातात ठेवली.

"हौसेराव, तुला समजतंय का काय करतोयस?"

"पेट्या उचलतोय, साहेब. धा वरसं झाली. दोनशे सातच्या बी मीच उचलल्या." त्याने मान खाली घातली. "ट्रक तळोज्याला चाललाय हे ड्रायव्हर बोलला हुता मला. मी आक्काला बोललो न्हाई."

बाळाबाईने त्याच्याकडे एकदा पाहिले. मग ती टबाकडे गेली. शनिवारचे पाणी तसेच होते, तळाशी मीठ बसलेले. ती आपल्या स्टुलावर बसली, थप्पीचे रबर काढले आणि चिठ्ठ्या एकेक करून पाण्यात सोडल्या. शंभरावर असतील. त्या आधी तरंगल्या. मग जड झाल्या. प्रत्येक रेघेवरून निळा धूर निघावा तशी शाई सुटायला लागली. टब हळूहळू निळा होत गेला.

काही चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सुट्या करायला तिने हात घातला. मोजा न घालता, कोपरापर्यंत. सगळ्या भेगा एकदम पेटल्या.

"लागतंय का, आक्का?" हौसेरावने विचारले.

"लागतंय," ती म्हणाली.

तिने हात बाहेर काढला नाही. एकेक चिठ्ठी सुटी करत, उजेडाकडे धरून बघत, ती ओल्या चिठ्ठ्या टबाच्या काठावर मांडत गेली. वरच्या दोन इंग्रजी ओळी जशाच्या तशा होत्या. छापील शाई काही विरघळली नव्हती. खालची रेघ मात्र कोरी झाली होती.